सडकेकडचं मैदान

रस गाळून झाला होता, कुरडया तळून परातीत पडल्या होत्या, तरी मनकर्णाबाईचा पाय चुलीपाशी ठरत नव्हता. ती सारखी उठून माजघराच्या दारापर्यंत यायची, बैठकीतल्या आवाजांचा कानोसा घ्यायची आणि परत जायची. बैठकीत रिठदचे रामराव बसले होते, आणि दाराला लागून त्यांची थोरली बहीण धुरपताबाई. रामरावांच्या लेकीसाठी, रंगूसाठी, दोघं मनकर्णाबाईच्या धाकट्याला, इंद्रभानला, पाहायला आले होते. उन्हं तापायच्या आत पोचायचं म्हणून झुंजूमुंजूलाच दमणी जुंपून निघाले होते.

याआधी आलेली दोन स्थळं हात धुवायलासुद्धा थांबली नव्हती. कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं, की जगदेवरावांचा धाकटा लढाईहून आला तो डोक्याने बिघडूनच. इटलीत जमिनीतले सुरुंग काढायचं काम होतं त्याच्याकडे. आता घरच्या नांगराला हात लावत नाही, अन् रोज संध्याकाळी त्या लंगड्या शफीकबरोबर गावभरच्या पोट्ट्यांना घेऊन चेंडूला लाथा मारतो.

"सोजर, बोलून राह्यला का तो?" मनकर्णाबाईने विचारलं.

"इचारलं तेवढं बोलते," सोजर म्हणाली. सासरी नांदवलं नाही म्हणून ती लढाई सुरू झाली त्या साली माहेरी आली, ती इथेच राहिली. इंद्रभान घरात कोणाशी मोकळं बोलत असेल तर तिच्याशीच.

"अन् उकंडा?"

"पान देऊन उठला. बैल पाहून येतो म्हने."

"आजच्या दिवशी कायचे बैल!" मनकर्णाबाई पुटपुटली. थोरल्या पोराचं काही दिवसांपासून तिला कळत नव्हतं. तो जेवायचा, कामाला जायचा, पण धाकट्याकडे पाहून एक शब्द बोलायचा नाही.

बैठकीत कपाशीचं बोलणं संपलं होतं. रामराव जाजमाची दोरी ओढत बसले होते. इंद्रभानचे वडील जगदेवराव सुपारी कातरत होते. तेवढ्यात धुरपताबाईनेच पदर सारखा केला आणि सरळ विचारलं, "पोरा, लोक म्हनतात तुह्यं डोकं फिरलं. खरं हाय का?"

जगदेवरावांच्या हातातला अडकित्ता थांबला.

इंद्रभान रागावला नाही. "लोकाइले काय वाटते ते लोकाइले माईत, आत्याबाई," तो म्हणाला. "मले झोप लागत नाई. बाकी मी बरा हाय."

"काहून लागत नाई?"

जगदेवरावांना वाटलं, आता हा उठणार. घरात हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. पण तो बोलायला लागला, आणि बापालाही ते नवीनच होतं.

"आमची सफरमैना पलटन. दुश्मन, म्हंजे जर्मन, पळता पळता जमिनीत सुरुंग पुरून जाये, ते आमी काढो. तिथं मोन्तेवेरा म्हनून एक गाव होतं. डोंगराच्या टोकावर. भोवती दगडी कोट, चार येशी. आपल्या वाशीमसारखंच जुनं. कोन्या काळी राजा राहे म्हनत, आता कोनी पुसत नाई. साऱ्या गावात सपाट जागा एकच, कोटाखालचं मैदान. तिथं त्याइची फुटबॉलची टीम खेळे. दुश्मनानं जाता जाता त्या मैदानात सुरुंग पेरून ठेवले."

"मानसं मराव म्हनून?" रामराव म्हणाले.

"हौ. कप्तानानं गावच्या पंचाइले इचारलं, पह्यले काय साफ करून देऊ? हिरीची वाट का देवळाची? तं ते म्हातारे म्हने, मैदान."

रामराव हसले. "हीर सोडून मैदान! येडेच लोक म्हनावं."

"मलेई तसंच वाटलं होतं," इंद्रभान म्हणाला. "आमी पोटावर पडून संगिनीनं एक एक बोट जमीन टोचो. माह्या बाजूच्या पट्टीत शफीक होता, इथलाच, फय्याज लोहाराचा. लाकडी डब्बीतला सुरुंग होता, त्याले लोखंड नाई, संगिन वाजली नाई म्हनून कळला नाई. त्याचा पाय गेला. तो मंधात पडेल, अन् वाट साफ झाल्याबिगर कोनी आत जायाचं नाई असा हुकूम. मी टोचत टोचत त्याच्याकडं सरकून राह्यलो होतो. मांगं पाह्यलं तं टीमचे खेळनारे! कपडे बदलाच्या खोलीचं दार उपसून आनलं, अन् माह्या मांगं एकामागं एक येऊन राह्यले. त्याइचा गोलकीपर ऑरेलियो म्होरं. काल तलक जर्मनाच्या बाजूनं आमच्यावर गोळ्या झाडनारे लोक ते. त्या दारावर घालून शफीकले बाहेर नेलं."

धुरपताबाईने नुसतं विचारलं, "मंग खेळले का तिथं?"

"खेळले. मीबी खेळलो. आमाले हलवेपर्यंत रोज."

जगदेवराव आपल्या पोराकडे पाहत होते. सडकेकडचं वावर औंदा पडीत राहू द्या, तिथं पोट्टे खेळतीन, असं तो फाल्गुनात म्हणाला होता, तेव्हा त्यांनी हो म्हटलं, पण का ते विचारलं नव्हतं. पोरगा घरी टिकतो ना, एवढंच त्यांनी पाहिलं होतं.

मागच्या अंगणात सोजर पाणी आणायला गेली होती. तिथून सडकेकडे नजर गेली आणि ती घागर तशीच ठेवून उभी राहिली. वावरात धूळ उडत होती. दोन जोड्या बैल, लोखंडी नांगर, सालदार पुढे, आणि मागे नांगराच्या रुमण्याची मूठ धरून उकंडराव.

ती पळत माजघरात आली. "माय, दादानं सडकेच्या वावरात नांगर घातला."

मनकर्णाबाईने तिचा दंड धरला. "बोलू नको. पाहुने उठू दे, मंग सांग."

"तवरोक अर्धं वावर उलथीन."

"उलथू दे! वावर काय पळून चाललं? लेकाचं लगन जमून राह्यलं माह्या. इतके दिवसांनी कोनी त्याचं आयकून राह्यलं. तुले हात जोडतो, सोजर."

सोजरने आईकडे पाहिलं. आईचं काही चुकत नव्हतं. पण दादाने नेमका आजचाच दिवस काढला होता, इंद्रभान पाहुण्यांपुढे बांधलेला असणार म्हणून. ते आपण झाकलं, तर उद्या इंद्रभान या घरात कोणावर विश्वास ठेवील? तिने दंड सोडवला आणि बैठकीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"भाऊ, सडकेच्या वावरात नांगर चालून राह्यला."

इंद्रभान उठला.

"बस," जगदेवराव म्हणाले. "पाहुने हायेत."

"बाबा, तुमी शब्द देला होता."

"देला होता. मी पाहातो उकंड्याचं. तू बस."

पण तो पायऱ्या उतरून गेलासुद्धा. रामरावांचं तोंड कडू झालं. आपली टोपी उचलत ते म्हणाले, "आक्का, चाल. पाहून झालं."

"घर पाहून झालं," धुरपताबाई गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाली. "आता वावरबी पाहू."

तिकडे उकंडरावाला नांगराच्या तिसऱ्याच तासाला, तिसऱ्याच ओळीला, बैल थांबवावे लागले होते. वावराच्या कडेच्या धुऱ्यावरल्या पळसाखालून शफीक कुबडी टेकत आला होता आणि नांगराच्या वाटेत बसला होता.

"शफीक, माहं तुह्यासंगं वैर नाई. बाजूले हो."

"वैर नाई म्हनूनच बसलो, उकंडभाऊ. इंद्रभानले येऊ द्या. तो हौ म्हनला तं मी सोता बैल हाकतो."

"त्याले काय पुसाचं? वावर माह्या बापाचं हाय."

"हौ. अन् तुमच्या बापानंच औंदा खेळा म्हनलं."

उकंडराव रुमण्यावर हात ठेवून घाम पुसत उभा राहिला. लढाईची सगळी वर्षं त्याने हे घर एकट्याने ओढलं होतं. बापाचे गुडघे गेले. एक साल टोळ आले, एक साल कपाशीला बोंडच धरलं नाही. धाकटा परत आला तेव्हा गावाने त्याला हार घातले, रात्ररात्र त्याच्या भोवती बसून इटलीच्या, तिथल्या मैदानावरच्या खेळाच्या गोष्टी ऐकल्या. उकंडरावाला वाटलं होतं, चार दिवस झाले की हा येईल, दुसरं रुमणं धरील. धाकटा आला नाही. नांगर दिसला की उठून जायचा. आणि संध्याकाळी मात्र याच वावरात घोड्यासारखा पळायचा.

इंद्रभान धुरा ओलांडून येताना दिसला. मागून जगदेवराव काठी टेकत, त्यांच्या मागे मनकर्णाबाई, सोजर आणि पाहुणेही.

"दादा, सोड बैल," इंद्रभान म्हणाला.

"नाई सोडत."

"उकंड्या, लोकाइपुढं तमाशा नको," जगदेवराव दम खात म्हणाले.

"लोकाइपुढंच होऊ द्या, बाबा!" उकंडरावाचा आवाज चढला. "घरात माह्यं कोन आयकते? हा खेळते अन् मी मरतो. द्या वाटून. हे वावर त्याले द्या, नाल्याकडचं मले द्या. मंग त्यानं मैदान करो का तलाव करो."

मनकर्णाबाई धुऱ्यावरच बसली. "माह्या जितेपनी वाटनी नाई रे बाबू," ती रडायला लागली. रामरावांनी दुसरीकडे तोंड फिरवलं.

"दादा, मले वाटनी नको," इंद्रभान म्हणाला. "मी मांगितली का?"

"तू काईच मांगत नाई. तू काईच इचारत नाई. शिमग्याच्या आधी आला तू. माही लेक कौसी गेली, तुले माईत होतं. तू तिचं नाव तरी काढलं का? तापानं गेली. बाबाइले उठता येत नोतं, म्हनून म्या माह्या हातानं खड्डा खनला, म्या ठेवलं तिले. मले एक दिवस तरी इचाराचं, का दादा, कसं झालं? त्या गोऱ्याइच्या मैदानाची तुले याद येते!"

इंद्रभानच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. मग तो पुढे आला, शफीकला हाताला धरून उठवलं, बाजूला नेलं, आणि रुमणं स्वतःच्या हातात घेतलं.

"इंद्र्या, नको," शफीक हळूच म्हणाला.

"सरक."

"अबे, मी तुले सांगतो, नको धरू."

इंद्रभानने सालदाराला मान हलवून खूण केली. बैल चालले. फाळ काळ्या जमिनीत घुसला आणि मोठालं ढेकूळ उलथून पडलं. उकंडराव बाजूने चालू लागला. त्याला वाटलं होतं आपल्याला बरं वाटेल. पण धाकट्याची मूठ पांढरी पडली होती, आणि तो समोर बैलांकडे पाहत नव्हता. फाळ जिथे मातीत शिरत होता तिथेच त्याची नजर खिळली होती. वैशाखातल्या उन्हात येतो तसा हा घाम नव्हता, सदरा पाठीला चिकटून गेला होता.

फाळ गोट्यावर आदळला. खण्णकन आवाज झाला.

पुढचं उकंडरावाला कळलंच नाही. तो तोंडावर मातीत पडला होता आणि त्याच्या पाठीवर इंद्रभान होता, अंगभर पसरलेला, दोन्ही हातांनी त्याचं डोकं झाकून. "हालू नको, दादा. हालू नको. मी हाय." धाकट्याची छाती त्याच्या पाठीवर धाडधाड उडत होती.

बैल थांबले. सालदार तोंड उघडं टाकून पाहत राहिला. मनकर्णाबाई पोरांकडे धावली, पण शफीकने कुबडी आडवी धरली. "माय, जरा थांबा. आत्ता कोनी हात लावू नका." तो स्वतः लंगडत त्या दोघांपाशी गेला आणि ढेकळात खाली बसला.

"इंद्र्या," तो नेहमीच्या आवाजात म्हणाला, जणू दोघं पारावर बसलेत. "गोटा हाय रे. आपलं मालेगाव हाय. आपल्याच बैलाइच्या घंट्या हायेत, आयक."

उकंडराव मातीत गाल टेकून पडून होता. त्याला सहज उठता आलं असतं, पण तो उठला नाही. हळूहळू पाठीवरचा भार सैल झाला. इंद्रभान बाजूला सरकला आणि गुडघ्यांत डोकं घालून बसला.

"मले काहून नाई सांगितलं?" उकंडरावाने विचारलं. त्याच्या मिशीला माती लागली होती.

"काय सांगू? नांगराले भेतो म्हनून? कुनब्याचं पोर नांगराले भेते?"

"मंग इथं कसा पळत होता?"

शफीकनेच उत्तर दिलं. "हे वावर आमी दोघाइनं मिळून टोचलं, उकंडभाऊ. अख्खं. म्या दाखवलं, त्यानं टोचलं. येडेपना हाय, मले माईत हाय, इथं कोन सुरुंग पुरते? पन त्याशिवाय त्याचा पाय पुढं पडेना. आता एवढ्या जमिनीवर त्याचा भरोसा बसला."

जगदेवराव काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. एवढे दिवस घरात एक माणूस असा जगत होता, आणि आपण त्याच्या पोटापाण्याचं अन् लग्नाचं पाहत होतो, एवढंच त्यांच्या मनात येत राहिलं. ते म्हणाले, "सोड बैल, उकंडा." पण उकंडराव आधीच जू काढायला लागला होता.

रामरावांनी निघायची घाई केली. घरी आल्यावर त्यांनी पाणीसुद्धा उभ्यानेच घेतलं. "निरोप देतो," ते जगदेवरावांना म्हणाले. तो निरोप कसला असणार, हे मनकर्णाबाईला त्यांच्या पाठीवरूनच कळलं. रसाचं पातेलं झाकलेलं तसंच राहिलं होतं. तिने पदराने डोळे पुसले आणि धुरपताबाईला कुंकू नव्हतं म्हणून नुसता नमस्कार केला.

"बाई, मी तुमच्यापासून काई लपवनार नोती," ती म्हणाली. "पन मलेच माईत नोतं."

"दिसलं मले." धुरपताबाई दमणीच्या चाकाला धरून थांबली. "माह्या मालकाइनं जितेपनी कधी माह्यासाठी उन्हात छत्री नाई धरली. तुह्या पोरानं भावावर आंग टाकलं."

"मंग, जमवता?"

"रामराव नाई म्हनीन. त्याचा बापाचा जीव हाय, त्याले दोष नाई देत मी. पन मी रंगूले इचारतो. जे पाह्यलं ते सारं सांगीन, झोप येत नाई तेबी सांगीन. पोरगी काय म्हनते ते तिचं तिले ठरवू दे."

"पोरीले इचारता?"

"तिलेच नांदाचं हाय नं," धुरपताबाई म्हणाली, आणि सोजरकडे एकदा पाहून दमणीत चढली.

सोजर भिंतीला टेकून उभी होती. दमणी वळणापलीकडे गेल्यावर मनकर्णाबाई तिच्यावर तडकली नाही. "तू सांगितलं नसतं तं मले कळलंच नसतं," ती म्हणाली, आणि रसाचं पातेलं उचलायला आत गेली.

संध्याकाळी पोट्टे नेहमीसारखे आले. लोहारआळीतले, माळ्यांचे, बाजारातल्या दुकानांवरचे. नांगराचे तास पाहून ते धुऱ्यावरच थबकले. उकंडराव पळसाखाली बसला होता. त्याला पाहून कोणी पुढे येईना.

"या," तो ओरडला. "तिकल्ल्या बाजूनं खेळा. इकडं पाय मुरगळीन."

शफीकने कुबडीने नवी रेघ ओढली आणि खेळ लागला. मैदान आखूड झालं होतं, म्हणून चेंडू सारखा ढेकळांत येत होता. इंद्रभान खेळला नाही. तो भावाजवळ येऊन बसला. दोघांच्या मध्ये हातभर जागा होती.

"कौसीले लई तरास झाला का?" त्याने विचारलं.

उकंडराव बोलू लागला: ताप कसा चढला, वाशीमच्या डॉक्टराकडे न्यायला बंडी जुंपली तर नाल्याला पूर, पलीकडे जाता येईना, ती मांडीवर पडून काका कधी येते म्हणून विचारायची. इंद्रभान ऐकत राहिला. मध्ये त्याने भावाच्या पाठीवर हात ठेवला आणि काढला नाही.

मैदानात आरडाओरडा झाला, कोणाचा तरी गोल झाला असावा. दोघं तिकडे पाहू लागले.

"तुह्या त्या इटलीच्या गावची टीम," उकंडरावाने विचारलं, "मोठी होती का? जितत होती?"

"कायची मोठी! साऱ्यात खालच्या टीमाइत होती. मी होतो तवरोक एकदाई नाई जितली."

"एकदाई नाई?"

"नाई. बाजूच्या गावचे येत अन् हारवून जात. पन म्हातारे, बाया, पादरी, सारं गाव कोटावर बसून पाहे. हारल्यावर शिव्या देत, अन् दुसऱ्या रईवारी अजून येऊन बसत."

उकंडरावाने मिशीतली वाळलेली माती बोटाने झाडली. शफीक कुबडी उंचावून कोणाला तरी रागावत होता. उकंडराव उठला, धोतर झटकलं आणि बैलांना वैरण टाकणाऱ्या सालदाराला हाक मारली.

"उद्या नांगर नाल्याकडल्या वावरात नेजो. इकडचं राहू दे."

मग तो भावाकडे न पाहता म्हणाला, "नांगर मी चालोतो. खताची बंडी तरी हाकशीन का तू?"

"हाकीन," इंद्रभान म्हणाला.